रिव्हॉल्व्हर: जुनी, नवी आणि परवान्यावर बाळगण्याची. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना नुकताच हातात पडलेले, वडिलांचं हत्यार वारशाने आलेले, परदेशात राहणारे आणि नुसती आवड असलेले, असे चार प्रकारचे लोक मला विचारत राहतात. बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एक गोष्ट पुन्हा सांगायची नसेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यात नेमका फरक काय? आमच्याकडे सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारा सिलिंडर असतो आणि त्यात पाच, सहा, कधी सात-आठ घरं असतात. प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि गोळी सुटते. रिकामी पुंगळी घरातच राहते, ती नंतर आपण काढायची. सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि प्रत्येक गोळीनंतर पुंगळी आपोआप बाहेर उडते.

बोलण्यात घोळ जुनाच आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या प्रसंगाचं वर्णन करताना पुष्कळ जण ‘रिव्हॉल्व्हर’ म्हणतात. ते ब्राउनिंगचं पिस्तूल होतं. गप्पांत हे चालून जातं. परवान्यावर मात्र दोन्ही शब्द वेगळे आहेत, तेव्हा अर्ज भरताना नीट लिहा.

२. सिंगल अॅक्शन, डबल अॅक्शन म्हणजे काय?

मागच्या बाजूला जो आपटतो तो घोडा आणि बोटाने ओढतो तो चाप. सिंगल अॅक्शनमध्ये घोडा अंगठ्याने मागे चढवायचा, मग चापाला फक्त तो सोडायचं काम उरतं. ओढ हलकी असते, साधारण दीड-दोन किलोची. डबल अॅक्शनमध्ये चापच घोडा चढवतो आणि सोडतो. ओढ लांब आणि जड, साडेचार-पाच किलोपर्यंत.

नवख्या माणसाला जड ओढ हा दोष वाटतो. अंगावर बाळगायच्या हत्याराला तोच गुण आहे, कारण घाबरलेल्या बोटाने चुकून एवढी ओढ सहसा होत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की सराव डबल अॅक्शननेच करा. घोडा चढवून कागदावर सुंदर नेम लागतो, पण चढवलेला घोडा हलकेच परत उतरवणं हे नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त बिघडणारं काम आहे.

३. जुन्या रिव्हॉल्व्हरपैकी कोणती माहीत असायलाच हवीत?

यादी लांब होऊ शकते. मी ज्यांच्यावरून पुढची सगळी वळणं समजतात तेवढीच सांगतो.

सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत १८३६ मध्ये पेटंट मिळालं. त्या काळी दारू आणि गोळी घरात समोरून ठासायची आणि मागे टोपी लावायची. १८५१ मध्ये लंडनच्या रॉबर्ट अॅडम्सने चाप ओढताच घोडा स्वतः चढणारी रचना आणली. १८५६ च्या बोमाँट-अॅडम्समध्ये घोडा अंगठ्यानेही चढवता येऊ लागला, म्हणजे आजच्या डबल अॅक्शनचा आराखडा तिथे पुरा झाला. १८५७ च्या उठावात ही रिव्हॉल्व्हर ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला होती.

धातूचं काडतूस मागून भरायची सोय स्मिथ अँड वेसनच्या १८५७ च्या छोट्या मॉडेलने आणली. आरपार भोक पाडलेल्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइटचं होतं आणि त्याची मुदत १८६९ मध्ये संपेपर्यंत बाकीच्या अमेरिकन कारखान्यांचे हात बांधलेले होते. कोल्टचं प्रसिद्ध सिंगल अॅक्शन आर्मी १८७३ चं, ते यामुळेच.

आपल्याकडच्या लोकांना जवळचं घराणं बर्मिंगहॅमच्या वेबलीचं. १८८७ च्या मार्क १ पासून १९१५ च्या मार्क ६ पर्यंत. अंगठ्याने खटका दाबून नळी खाली वाकवली, की हत्यार बिजागरीवर उघडतं आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. घोड्यावर बसलेल्या किंवा खंदकात चिखलाने हात माखलेल्या माणसासाठी ही मोठी सोय होती. कानपूरच्या .३२ मध्ये (हा आकडा म्हणजे गोळीची इंचातली साधारण जाडी) आजही हीच चाल दिसते (प्रश्न ४).

लपवून बाळगायच्या छोट्या हत्यारांची परंपरा अमेरिकेतली आहे. १९२७ चं कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल, दोन इंची नळी आणि सहा घरं. मग १९५० चं स्मिथ अँड वेसन चीफ्स स्पेशल, पाच घरांचं. हे नाव कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत ठरलं. १९६५ मध्ये त्याचंच स्टेनलेस स्टीलचं रूप, मॉडेल ६० आलं आणि घामाने गंजणाऱ्या हत्यारांचा प्रश्न बराच सुटला. आवडीच्या माणसासाठी कोल्ट पायथन (१९५५) हे एक वेगळंच प्रकरण आहे. २००५ च्या सुमारास ते बंद झालं आणि २०२० मध्ये नव्या रचनेत परत आलं. एक गंमत बघा: मागून पाहिलं तर कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि स्मिथ अँड वेसनचा उलट.

४. पहिल्यांदाच घेतोय. कानपूरचं .३२ घ्यावं का? ‘निर्भीक’ आणि ‘प्रबल’ मध्ये काय फरक आहे?

भारतात सामान्य परवानाधारकासमोर पर्याय मोजकेच आहेत. वैयक्तिक आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद असल्यामुळे परदेशी बनावटीची जी हत्यारं दुकानात दिसतात ती बहुतेक जुनी, एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरलेली असतात आणि त्यांची किंमत दर्जापेक्षा दुर्मीळपणामुळे चढलेली असते. तेवढे पैसे मोजण्याआधी नळीच्या आतल्या खोबणी आणि सिलिंडरची ढिलाई जाणत्या आर्मररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून, बघून घ्या.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर वेबली मार्क ४ च्या वळणाचं आहे: वाकवून उघडायचं, सहा घरांचं, वजन सुमारे ७०० ग्रॅम. ‘निर्भीक’ २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने आणलं. सांगाडा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, वजन सुमारे ५०० ग्रॅम, त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका मला पटते. एवढ्या किमतीचं आणि परवान्याच्या एवढ्या पायऱ्यांमागचं हत्यार हे स्त्रियांच्या सुरक्षिततेचं उत्तर होऊ शकत नाही. हत्यार म्हणून ते वाईट आहे असा याचा अर्थ नाही.

‘प्रबल’ ऑगस्ट २०२३ मधलं. आयुध निर्माणी मंडळाचं १ ऑक्टोबर २०२१ ला विभाजन झाल्यावर जी कंपनी कानपुरात उभी राहिली, ती ते बनवते. यात सिलिंडर बाजूला झुलतो, वाकवून उघडावं लागत नाही. नळी ७६ मिलिमीटर, वजन साधारण ७०० ग्रॅम. कंपनी ५० मीटरच्या पल्ल्याचा दावा करते, पण स्वसंरक्षणाच्या प्रसंगात तो आकडा कामाचा नाही. तिथे अंतर खोलीएवढं असतं. खेरीज वेबली अँड स्कॉटच्या नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या सांडीला इथेही .३२ बनू लागलं आहे.

माझं मत विचाराल, तर बाजूला झुलणारा सिलिंडर घ्या. सांगाडा एकसंध राहतो आणि बिजागरी व खटका झिजण्याची कटकट उरत नाही. पण हातात धरून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. मूठ पंजात बसत नसेल तर बाकीचे गुण वाया.

५. .३२ ची ताकद कमी असते म्हणतात. मग .३८ किंवा ९ एमएम का मिळत नाही?

शस्त्र नियमांनुसार .३८० किंवा .४५५ ची रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) असलेली काडतुसं, तसंच सैन्यातली ९ एमएम आणि .४५ ची काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, ती छोटी हत्यारं ‘प्रोहिबिटेड बोअर’ मध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर मना असलेल्या नळीच्या मापात, येतात. हेतू असा, की सैन्य आणि पोलिसांच्या साठ्यातलं काडतूस खासगी हत्यारात वापरता येऊ नये. त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो विषय केंद्रीय गृहखात्याचा.

.३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ चं आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने थिओडोर रूझवेल्ट आयुक्त असताना .३२ चं कोल्ट सरसकट वापरात आणलं. पुढे तिकडच्या पोलिसांनी ते सोडून .३८ धरलं. ताकद कमी आहे, हे खरंच. पण झटका हलका असल्यामुळे दुसरी गोळीही जागेवर जाते. नेमबाजीच्या सेंटर फायर (बुडाच्या मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या) प्रकारात जगभर सपाट तोंडाची .३२ काडतुसं वापरली जातात, ती याच अचूकतेमुळे. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते सेंटर फायर पिस्तुलातच.

६. परवाना कोण देतं आणि काय लागतं?

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. अर्जानंतर पोलीस चौकशी होते. हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि घरी ते कसं ठेवणार हेही सांगावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

‘आमच्याकडे शेतीवाडी, बंगला नाही, मग मिळेल का?’ हा प्रश्न गावाकडून फार येतो. कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. कारण मात्र सबळ हवं. धमकीची तक्रार, रोकड घेऊन रात्रीचा प्रवास, मळ्यातलं एकटं घर, जे असेल ते कागदासकट मांडा. नकार आला तर तो लेखी मागा, कलम १८ खाली अपील करता येतं.

७. परवाना असला की कमरेला लावून फिरता येतं का? दिसलं तर काय बिघडलं?

बिघडतं. २०१६ च्या नियमांतला ३२ वा नियम वाचा. सार्वजनिक जागी छोटं हत्यार न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि त्यावर तुमचा ताबा राहिला पाहिजे. चारचौघांत हत्यार काढून दाखवणं नियमाने मना आहे. म्हणजे अमेरिकेत ज्याला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात आणि ज्याचे नियम राज्याराज्यांत बदलतात, ते झाकून बाळगणं आपल्याकडे सक्तीचंच आहे.

शर्ट खोचून मूठ बाहेर ठेवणारे, वाढदिवसाच्या फलकावर हत्यारासकट फोटो छापणारे, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणारे, हे सगळे स्वतःचा परवाना धोक्यात घालतात आणि प्रामाणिक परवानाधारकाची अडचण वाढवतात. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्याकडे हत्यार आहे हे शेजाऱ्याला कळलं, की ते चोरालाही कळलं.

८. झाकून बाळगायला कोणतं होल्स्टर? पँटच्या खिशात किंवा पर्समध्ये चालेल का?

नुसतं खिशात नको. किल्ली, नाणं, पेनाचं टोपण, काहीही चापाच्या कड्यात अडकू शकतं. होल्स्टरने तीन कामं केली पाहिजेत: चापाचं कडं पूर्ण झाकणं, धावताना हत्यार धरून ठेवणं आणि मूठ दर वेळी त्याच जागी हाताला लागणं. कमरेच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला बसणारं होल्स्टर आपल्या सैल शर्टाखाली किंवा कुर्त्याखाली चांगलं झाकलं जातं, मात्र पट्टा जाड हवा. सिलिंडरचा फुगवटा पहिले आठ दिवस टोचतो, नंतर सवय होते.

पर्समध्ये न्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा बंद कप्पा आणि त्यात होल्स्टर हवं, दुसरं काही नको. आणि ती पर्स कधीही खुर्चीला अडकवून उठायचं नाही.

९. सहाही घरं भरून ठेवावी का? सेफ्टीचा खटका कुठे असतो?

बहुतेक रिव्हॉल्व्हरना वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. नव्या रचनांमध्ये चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा फटका काडतुसापर्यंत पोचू न देणारा तुकडा आत असतो. रुगरने १९७३ मध्ये हीच सोय आपल्या सिंगल अॅक्शन हत्यारांत घातली. त्याआधीच्या कोल्ट पद्धतीच्या हत्यारांत घोडा थेट काडतुसावर टेकतो. हत्यार हातातून पडलं तर गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत.

तुमचं हत्यार जुनं असेल आणि आतली रचना आर्मररने तपासली नसेल, तर हाच नियम पाळा. यात पहिली गोळी वाया जाते असा समज आहे, तो चुकीचा. चाप ओढताना सिलिंडर आधी फिरतो, त्यामुळे पहिल्याच ओढीला भरलेलं घर समोर येतं.

१०. रिकामं आहे याची खात्री कशी करायची?

नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. सिलिंडर उघडा, नळीचं तोंड वर करा आणि काडतुसं ढकलणारी दांडी तळव्याने एकदा पूर्ण दाबा. मग घरं मोजा, डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकानेही. हातात आलेली काडतुसंही मोजा. घरं सहा आणि हातात पाच, तर एक कुठे आहे हे कळेपर्यंत पुढे काही करायचं नाही. मी दुसऱ्याच्या हातात हत्यार देताना सिलिंडर उघडा ठेवूनच देतो आणि घेणाऱ्यानेही स्वतः मोजावं असा हट्ट धरतो, मग तो माणूस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा का असेना.

११. चाप ओढला आणि गोळी उडालीच नाही. पुढे काय?

रेंजवर असाल तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा. कधीकधी दारू उशिरा पेटते. तीस सेकंदांनी सिलिंडर उघडून ते काडतूस वेगळं ठेवा. प्रत्यक्ष संकटात मात्र चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

धोका याहून वेगळ्या प्रसंगात आहे. आवाज ‘फुस्स’ असा दबका आला आणि झटका जाणवला नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी उडवली तर नळी फुटते. लगेच थांबा, रिकामं करा, आर्मररकडे न्या. आणखी एक: सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक गोळीबरोबर पेटता वायू बाजूला फेकला जातो. दुसऱ्या हाताची बोटं त्या फटीपाशी कधीही जाऊ देऊ नका.

१२. घोडा आत झाकलेली छोटी रिव्हॉल्व्हर नवशिक्याला चांगली का?

बाळगायला उत्तम, शिकायला अवघड. स्मिथ अँड वेसनने १९५२ मध्ये आणलेल्या सेंटेनियलमध्ये घोडा सांगाड्याच्या आत असतो, त्यामुळे कपड्यात काही अडकत नाही आणि फक्त डबल अॅक्शन उरते. रुगरच्या २००९ च्या एलसीआरने पॉलिमर वापरून वजन ४०० ग्रॅमच्या खाली नेलं. पण वजन जितकं कमी तितका झटका हाताला जास्त लागतो. .३५७ मॅग्नमचं काडतूस एवढ्या हलक्या हत्यारातून उडवणं हा शिक्षेसारखा अनुभव आहे. नळी आखूड असल्याने नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर कमी, म्हणजे नेमातली बारीक चूक मोठी होते. आधी चार इंची नळीच्या जड रिव्हॉल्व्हरवर हात बसवा.

१३. कोकणात राहतो. पावसाळ्यात गंज कसा टाळू?

पहिली सूचना: चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार साठवू नका. बाळगताना ठीक, पण कपाटात ठेवताना बाहेर काढा. आमच्या नात्यातल्या एका काकांचं .३२ मृगाच्या आधी होल्स्टरसकट ट्रंकेत गेलं आणि घटाला बाहेर निघालं. होल्स्टर सोडवताना चामडं नळीला चिकटल्यासारखं ओढावं लागलं. निळ्या झिलईवर तपकिरी ठिपके होते आणि पट्ट्याच्या कप्प्यांतल्या काडतुसांना पितळेवर हिरवी बुरशी धरावी तसा थर आला होता. चामडं कमावताना वापरलेले क्षार दमट हवेतलं पाणी ओढतात. ती काडतुसं टाकून द्यावी लागली, हत्यार वाचलं पण ठिपक्यांचे खड्डे राहिले.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हत्यार काढा, सुती कापडाने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. घाम लागलेला असेल तर त्याच रात्री. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. तेल ओघळेल एवढं घालू नका, ते काडतुसाच्या टोपीत शिरलं तर काडतूस मरतं.

गोळीबारानंतर एक जागा सगळे विसरतात: पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीची खालची बाजू. तिथे न जळलेल्या दारूचे दोन-तीन कण बसले, की सिलिंडर जड फिरतो आणि लोक म्हणतात रिव्हॉल्व्हर बिघडलं. जुना दात घासायचा ब्रश घ्या, नळी वर करून घासा म्हणजे कचरा खाली पडेल.

१४. घरात लहान मुलं आहेत. कुठे ठेवू?

भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या पोलादी तिजोरीत. काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली, कपड्यांच्या घडीत, देवघरामागे यातली प्रत्येक जागा मुलांना माहीत असते. किल्ली फक्त परवानाधारकाकडे. परवाना तुमच्या नावावर आहे, बायकोच्या किंवा भावाच्या नाही, म्हणून ‘घरचंच आहे’ म्हणत दुसऱ्या कोणी ते बाळगणं हा गुन्हा होतो. विनापरवाना हत्यार बाळगण्याची किमान शिक्षा २०१९ पासून दोन वर्षं आहे, जास्तीत जास्त पाच.

१५. सराव कुठे करायचा? मळ्यात चार गोळ्या उडवल्या तर?

मळ्यात नको. चुकलेली गोळी बांध ओलांडून पुढे जाते आणि मागे कोण आहे ते दिसत नाही. जिल्हा रायफल संघटना किंवा नोंदणीकृत क्लब गाठा. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन. कोल्हापूरने तर राही सरनोबत यांच्यासारखी नेमबाज दिली, ज्यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. हत्यार घेण्याआधी सहा महिने १० मीटर एअर पिस्तूल केलंत, तर चापावरचं बोट कायमचं सुधारतं.

काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात. वापरलेल्यांचा हिशोब आणि पुंगळ्या ठेवा, नवी घेताना विचारणा होते.

१६. स्वसंरक्षणात गोळी झाडली तर कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ लागू आहेत, पूर्वीच्या दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. मरणाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा अॅसिड फेकण्याचा हल्ला असेल, तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करण्याचा हक्क कायदा मानतो. पण गरजेपेक्षा जास्त बळ नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी बचाव म्हणून टिकवणं फार कठीण. वाहनांच्या भांडणात, जमिनीच्या बांधावरून, दारूच्या बैठकीत हत्यार काढणाऱ्याला तर हा आधार नाहीच.

लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येते आणि ती कुणाच्या तरी अंगणात येते.

१७. निवडणुकीत प्रत्येकाला हत्यार जमा करावंच लागतं का?

सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाचा विचार करते आणि ज्यांची हत्यारं जमा करणं गरजेचं वाटतं त्यांना नोटीस देते. नोटीस आली की मुदतीत जमा करा आणि पावती जपा. जिवाला खरा धोका असेल किंवा तुम्ही स्पर्धेतले नेमबाज असाल, तर समितीकडे लेखी अर्ज करा. जमा करण्यापूर्वी हत्याराचे फोटो काढून ठेवा. माझं एकदा परत मिळालं तेव्हा मुठीला तडा होता आणि आधीचा फोटो नसल्यामुळे मला काही म्हणता आलं नाही.

१८. दुसऱ्या राज्यात किंवा विमानाने न्यायचं असेल तर?

परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन गोव्याला किंवा बेळगावला हत्यार नेणं म्हणजे विनापरवाना बाळगणंच. क्षेत्र आधी वाढवून घ्या. विमानात केबिनमध्ये कधीही नाही. काउंटरवर आधी सांगून, रिकामं करून, परवान्यासह चेक-इन सामानात द्यायचं, काडतुसं वेगळी बांधून. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसावरूनही विमानतळावर गुन्हा दाखल होतो. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका.

१९. मी अमेरिकेत एच-१बी वर आहे. इथे रिव्हॉल्व्हर घेता येईल का? भारतात आणता येईल का?

टेक्सासमध्ये राहा की न्यू जर्सीत, आधी संघराज्याचा कायदा बघावा लागतो. एच-१बी (नोकरीचा), एफ-१ (शिक्षणाचा) अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्यांना हत्यार आणि काडतूस ताब्यात ठेवायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे काही अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेलं हत्यारही ‘ताबा’ ठरतं, तेव्हा मित्रांबरोबर सहज जाण्याआधी हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढे ग्रीन कार्ड अडतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही, पण राज्याचे नियम लागतातच. कॅनडात २१ ऑक्टोबर २०२२ पासून छोट्या हत्यारांची नवी खरेदी गोठवलेली आहे, आणि ब्रिटनमध्ये डनब्लेन गावच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्येच बंदी आली.

भारतात आणण्याची वाट फक्त कायमचं परतणाऱ्यांसाठी आहे: एकच हत्यार, मुभा असलेल्या बोअरचं, परदेशात किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात आणि वापरात असलेलं, शिवाय हातात भारतातला परवाना. सीमाशुल्क भरावं लागतं. निघण्यापूर्वी कस्टमचे चालू नियम वाचा आणि परवाना आधी मिळवा. उलट क्रमाने केलं तर हत्यार गोदामात पडून राहतं.

२०. वडील गेले आणि कपाटात त्यांचं रिव्हॉल्व्हर सापडलं. आजोबांची एक .४५५ वेबलीही आहे. काय करू?

ते हातात घेऊन फोटो काढू नका आणि नळी तपासत बसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे परवान्याच्या प्रतीसह जमा करा आणि पावती घ्या. ज्याचा ताबा बेकायदेशीर झाला ते हत्यार विनाविलंब जमा करायचं, असं कलम २१ सांगतं. मग वारस म्हणून तुमच्या नावाचा अर्ज करा, इतर वारसांच्या ना-हरकतीसह. वडील हयात असतील तर त्यांना ७० वर्षं झाल्यावर किंवा हत्यार त्यांच्याकडे येऊन २५ वर्षं झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, वारसाच्या नावे करता येतं. तब्येत चांगली असताना हे उरकलेलं बरं.

तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर तिसरं ठेवता येणार नाही. २०१९ पासून मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेलंही त्यातच मोजलं जातं. तिसरं कायदेशीर विकावं किंवा जमा करावं लागेल.

.४५५ चं प्रकरण वेगळं. ते प्रोहिबिटेड बोअर आहे (प्रश्न ५), तेव्हा तुमचा .३२ चा परवाना त्याला लागू होत नाही. त्याचा मूळ परवाना शोधा. सापडला तर अर्ज केंद्राकडे. ‘आता ते चालतच नाही, शोभेचं आहे’ असं स्वतः ठरवून दिवाणखान्यात लावू नका. दुरुस्त करूनही गोळी उडवू शकणार नाही असं जुनं हत्यार कायद्यातून वगळलेलं आहे, पण वेबली तसं सहसा नसतं. शंभर वर्षांची मार्क ६ तेल पाजल्यावर आजही चालते. ती निकामी करायची असेल तर तेही परवानगी घेऊन, अधिकृत आर्मररकडून, आणि त्याचा दाखला हत्याराच्या जवळच ठेवायचा.